सोल्युशन

आठवी ब मध्ये माझं नाव सोल्युशन.
तळ चिकटवायच्या डब्यावर असतं तेच.
गणिताच्या बाई फळ्यावर तो शब्द लिहायच्या
आणि मागचा अख्खा बाक नाकाला रुमाल लावायचा.
हजेरीत मी प्रणोती सातपुते, सुभाषनगर.

वास यायचाच. खोटं कशाला सांगू.
हिरड्याचा, बाभळीच्या सालीचा, भिजवलेल्या कातड्याचा
दप्तरात, वेणीत, डब्यातल्या चपातीतसुद्धा.
तीन साबण बदलून झाले.
पप्पांना म्हटलं, कामाची जागा जरा मागं घ्या की.
म्हणाले, मागं कुठं? मागं भिंत हाय.

सहामाहीच्या शेवटच्या पेपरला
पोरांनी माझी चप्पल शाळेच्या पत्र्यावर फेकली.
एकच.
बापय माणसाच्या चपलेत घालतात तसं बी
पप्पांनी तिच्या तळात घातलेलं, मी हट्ट केला म्हणून.
घरी जायच्या ऐवजी पापाच्या तिकटीकडं निघाले,
तिथल्या दुकानात आमचा माल जातो,
एखादा जोड उसना मिळंल.
डांबर तापलेलं.
एक पाय कर्रकर्र, एक पाय गप्प.

बँड कंपनीच्या पायरीवर इनायत मुल्लाणी
साइड ड्रमचं पान ताणत बसला होता.
मान वर न करता म्हणाला,
ही बघ कशी ठेक्यात चालतीय.
मी थांबले. त्याचे हात बघवेनात.
म्हटलं, दे इकडं. वादी अशी ओढत नाहीत.
पाणी लावलं, समोरासमोरचे पीळ धरून आवळली.
त्यानं टिचकी मारली. ड्रम बोलला.

मग त्यानं एक इयरफोन माझ्या कानात दिला.
दोन मिनिटांचं गाणं. तीन सूर, तेही घाईत.
कुठल्या तरी देशातली एक बाई ओरडत होती.
काय म्हणत होती, ते कळलं नाही.
कुणाला म्हणत होती, ते कळलं.
फोटोत तिच्या अंगावर कातड्याचं जाकीट,
खिळे, टाचण्या, फाटका खिसा,
आणि समोरच्या शंभर माणसांत नाक धरलेलं कुणी नाही.
मी फोटो मोठा करून शिलाई बघितली.
कच्ची होती.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
सॅमसन समुद्रेच्या मामाच्या शेडमध्ये
लेथवर गोणपाट टाकायचं,
मंडळाचा जुना अँप्लिफायर लाथ मारून सुरू करायचा.
सॅमसननं विचारलं, गाता येतं?
न्हाई.
मग बरं, म्हणाला.

पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा
पत्र्याखालची पारवी उडाली
आणि चहावाल्यानं बाहेरनं शटर बडवलं,
कोण मेलं का रं आत?

पप्पा सांगतात, त्यांचा आजा
वेशीतून आत येताना हाळी द्यायचा:
आलोय, सावली सांभाळा.
पुढचे दोन शब्द मी टाकून दिले.
राहिलेला घेतला.
आमच्याकडं पोरीसुद्धा आलो-गेलोच म्हणतात,
त्यामुळं व्याकरणाचा प्रश्न आला नाही.
आलोय.
आलोय आलोय आलोय.
मागं इनायतचं कातडं, बाजूला सॅमसनच्या तारा.
पुढची ओळ अजून सुचलेली नाही.

गिटारचा पट्टा पप्पांनी केला.
माप मागितलं नाही,
सॅमसनचा खांदा एकदा बघितला आणि रापी चालवली.
असल्या दंग्याला पट्टा कशाला लागतोय, म्हणाले,
आणि शिलाई दुहेरी घातली.

बाकावरचे रुमाल अजून निघतात.
परवा बाईंनी तो शब्द पुन्हा लिहिला,
मागून कुणीतरी खाकरलं.
मी दोन बोटांनी बाकावर ठेका धरला.
बाई म्हणाल्या, कोण वाजवतंय?
मी, म्हटलं. उभा राहिलो.

मधल्या सुट्टीत वर बघतो.
चप्पल तिथंच आहे, उन्हानं वाकलेली,
अंगठा आभाळाकडं.
शिपाईकाका म्हणाले, शिडी आणू काय?
म्हटलं, राहू दे.